अक्काची स्पॅनिश

आई गेल्यापासून माझ्या वेण्या अक्का घालायची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी बहीण. मी तिचा पदर सोडत नसे. एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. अक्का शिवाजीनगरजवळ एका दवाखान्यात कामाला जायची. तिथल्या स्पॅनिश ननने तिला आपली भाषा शिकवायला घेतली होती, पुढे नर्सिंगसाठी स्पेनला पाठवायचं मनात ठेवून.

संध्याकाळी अक्का पोळ्या लाटायची आणि मी वही धरून बसायची. धडा ‘जमलं तर करीन’चा होता. क्रियापद आहे तसंच ठेवायचं आणि मागे शेपूट जोडायचं: आब्लारीया म्हणजे बोलेन, कोमेरीया म्हणजे जेवेन, बिबिरीया म्हणजे राहीन. शेपूट सगळ्या क्रियापदांना एकच. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, अशी सहा रूपं होईपर्यंत सहा पोळ्या व्हायच्या. तिच्याआधी मलाच पाठ झालं. शाळेतलं सोडून बाकी सगळं मला लवकर यायचं.

ननने अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, परवानगी मागितली. ते आडकाठी करणारे नव्हते. पण मुलीने वडिलांसमोर आपली इच्छा बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि वडिलांनी ती तोंडावर विचारायचीही नव्हती. असले निरोप माझ्यामार्फत जायचे.

एका संध्याकाळी अण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मला म्हणाले, ‘विचार अक्काला, जायचं मनात आहे का. असेल तर जाऊ दे.’

अक्काने मान वर केली नाही. ‘इरीया,’ म्हणाली. जमलं तर जाईन. मराठीत तिची जीभ रेटली नसती.

‘काय म्हणते?’

‘नको म्हणते,’ मी सांगितलं.

‘बरं,’ म्हणून अण्णा बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ननला तसं कळवायचं ठरलं. अक्का लाटत राहिली. त्या दिवशी पोळ्या फार झाल्या.

मला सुटल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? वाईट वाटायला सकाळ उजाडावी लागली, आणि ते वाईट वाटणं अजून सरलेलं नाही.

सकाळी ती नेहमीसारखी माझ्या मागे बसली. आता बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरून होते. तिने पेड घातले, रिबीन बांधली.

‘मला सांगायचंस गं,’ ती म्हणाली. ‘नुसतं राहा म्हणाली असतीस, तरी मी राहिले असते.’