अण्णांनी न उचललेला फोन

अण्णा गेल्याचं मला होटगी रोडच्या गोदामात कळलं. ट्रकमध्ये टॉवेलच्या गाठी चढत होत्या... मी तिथंच एका गाठीवर बसून राहिलो. मल्लिनाथअण्णा माझे थोरले भागीदार. इथले टॉवेल परदेशी पाठवायचं आमचं छोटंसं ऑफिस. बँक, कागदपत्रं, जहाजावरची जागा, सगळं तेच बघायचे.

तेहरानचे फरहादसाहेब आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तरुणपणी पुण्यात शिकलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे, मध्येच एखादा मराठी शब्द टाकायचे. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्यावर दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, फरहादसाहेब अण्णांना ऑफिसात फोन करू लागले. अण्णांचा मुलगा लांब. मनातलं काही बोलत असतील तर ते त्या फोनवरच.

मग त्यांच्या देशावरचे निर्बंध कडक झाले. फरहादसाहेबांच्या कंपनीवरच बंदी आली आणि बँकेनं हात वर केले. "कागज पे दुबई लिखो, आगे मैं देख लूँगा," ते म्हणाले. माल कुठं जाणार हे ठाऊक असताना खोटं लिहिणार नाही, असं अण्णांनी हळू आवाजात सांगितलं. ते उघडकीस आलं असतं तर आमच्यामार्फत जाणारा सगळ्याच कारखान्यांचा माल अडकला असता.

पुढच्या शुक्रवारी फोन वाजला. अण्णांनी उचलला नाही.

"अण्णा, बंदी मालाला आहे, बोलायला नाही की," मी म्हणालो.

"एकदा न्हाय म्हटलं बाबा. परत मागितलं तर माझ्यानं न्हाय म्हणवणार न्हाय." मग कानडीत पुटपुटले, "होगली बिडु." जाऊ दे.

पण फोन काही थांबला नाही. दर शुक्रवारी वाजायचा, आणि बंद होईपर्यंत अण्णा त्याच्याकडे बघत बसायचे. मलाही हात लावू द्यायचे नाहीत. हळूहळू माझ्याशीही कामापुरतंच बोलू लागले...

ते गेल्यानंतरच्या शुक्रवारी फोन मी उचलला. बातमी सांगितली.

"मुझे माल नहीं चाहिए था, भाई," फरहादसाहेब म्हणाले. "वो सही थे. बस इतना बोलना था." मग शब्द शोधत मराठीत विचारलं, "जेवत होते ना?"

मी हो म्हणालो. फोन उचलणं सोडल्यापासून दुपारी डबा उघडला की अण्णा आपल्या खोलीचं दार आतून लोटून घ्यायचे, आत जेवायचे की नाही ते मला कधी कळलंच नाही, हे काही सांगवलं नाही. ते दार आता दिवसभर उघडं असतं. जेवायच्या वेळी मात्र मी अजून बाहेरच थांबतो.