ठेवलंय का गं त्यांनी?

आपल्या प्रत्येकीच्या ओट्याखाली एक पिशव्यांची पिशवी असते ना, तसे माझ्याकडं घाबरल्याचे किस्से आहेत. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण एक ओढावा तर चार बाहेर येतात. कॅनडात इतकी वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काढली, तर मैत्रिणींना वाटतं मी बर्फाच्या गोष्टी आणल्या असतील. बर्फ कुणी बघितला नीट! मी सगळा वेळ ईमेल बघत होते.

त्याला कारण होतं. माझा तिथं राहायचा परवाना कंपनीच्या नावावर होता. नोकरी गेली की थोडे दिवस हातात. तेवढ्यात दुसरी मिळाली तर ठीक, नाहीतर बॅग भरून परत संभाजीनगरला, मुकुंदवाडीच्या घरी. त्यात आमचे आबा. मूळचे फर्दापूरकडचे. घरची मेंढरं विकून संभाजीनगरला आले आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीत वॉचमन झाले. दर रविवारी फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न 'जेवलीस का' हा नसायचाच.

"ठेवलंय का गं त्यांनी?"

मी म्हणायची, ठेवलंय. मग ते फोन आईकडं द्यायचे.

*

माझा साहेब ग्रॅहम. तिथं साहेबाला नावानं हाक मारतात, आणि माझ्या तोंडातून ते काही निघेना. 'सर' म्हटलं की तो हसायचा, 'ग्रॅहम' म्हणायला जावं तर मामाला अरेतुरे केल्यासारखं वाटायचं. मग मी काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं. काम असलं की त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची, तो वर बघेपर्यंत. कधीकधी तो बराच वेळ वर बघायचा नाही.

एका सकाळी त्याचा मेसेज आला, जरा बोलायचंय, खोलीत ये. झालं! आपल्या वाळूजच्या कारखान्यांत साहेबानं असं केबिनमध्ये बोलावलं की एकतर घरून वाईट फोन आलेला असतो, नाहीतर आपला हिशेब तयार असतो. आत गेले तर त्यानं दार लावून घेतलं. खुर्ची पुढं ओढून म्हणाला की तुझं नाव मी चुकीचं घेतोय अशी मला केव्हापासून शंका आहे, पण विचारायची लाज वाटत होती.

माझं नाव द्रौपदी. तो मला 'ड्रॉपडी' म्हणत होता. मी म्हटलं, बरोबर आहे, अगदी बरोबर. त्या घडीला तो मला काहीही म्हणाला असता तरी मी बरोबरच म्हटलं असतं. आजपर्यंत तो ड्रॉपडीच म्हणतो!

*

पुढं वाळूजच्या एका कारखान्यानं आमचं सॉफ्टवेअर घेतलं. कोणत्या मशीनवर काय चाललंय, माल कुठवर आलाय, सगळं एका स्क्रीनवर दाखवणारं. मी तिकडचीच म्हणून प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडला. कारखान्यातलं सगळं कॉम्प्युटरचं काम कादरीभाई बघायचे. दर सोमवारी व्हिडिओवर मीटिंग. मी विचारायची, कादरीभाई, अमुक झालं का? ते म्हणायचे, "हो जाता मॅडम, टेन्शन नक्को लेव."

मी ग्रॅहमला सांगायची, होईल म्हणतात. तो त्याच्या तक्त्यात त्या कामापुढं हिरवा रंग भरायचा. आता 'हो जाता' म्हणजे जवळजवळ झालंय, की उद्या सुरू करू, की वरच्याच्या हातात आहे, हे आपल्याकडं आवाजावरून कळतं. ग्रॅहमला ते कळत नव्हतं आणि मला त्याला समजावून सांगायचं धाडस नव्हतं. सगळा तक्ता हिरवागार, आणि खरं काय ते मला एकटीला माहीत.

एका सोमवारी कादरीभाई म्हणाले, "मॅडम, थोडा प्रॉब्लेम है." मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. कादरीभाईंच्या तोंडून 'प्रॉब्लेम' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. कॅमेरा जरा फिरवा म्हटलं. त्यांनी फिरवला. सर्व्हरच्या खोलीतला एसी जळत होता आणि दोन माणसं त्यावर वाळूच्या बादल्या ओतत होती.

ग्रॅहम त्या दिवशी शेजारीच बसला होता. कादरीभाई काय म्हणाले ते मी सांगितल्यावर त्यानं विचारलं, हे थोडंसं आहे? मी म्हटलं, हो, थोडंसं आहे.

*

मग तिथं माणसं कमी करायला लागले. तिथली पद्धत अशी की आदल्या दिवशी कुणी काही बोलत नाही. सकाळी येऊन लॅपटॉप उघडायचा. पासवर्ड लागला तर तुम्ही आहात, नाही लागला तर नाही. रोज सकाळी पासवर्ड टाकताना मी खंडोबाचं नाव घ्यायची.

एका सकाळी नाही लागला. परत टाकला. नाही. तिसऱ्यांदा टाकायला हात उठेना. रडू आलं नाही. गंमत म्हणजे हात आपोआप आवरायला लागले. ड्रॉवरमधला स्टीलचा डबा, चटणीची बाटली, ऑफिसात घालायच्या सपाता, सगळं पिशवीत भरलं. टेबल ओल्या फडक्यानं पुसलं. आपण गेल्यावर कुणी नावं ठेवायला नकोत. आबांना काय सांगायचं, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

शेजारची बाई म्हणाली, तुला नवीन जागा मिळाली वाटतं. तेवढ्यात कॉम्प्युटरचा माणूस आला. त्यानं वाकून एक बटण दाबलं आणि लॅपटॉप उघडला. आदल्या दिवशी मी लॅपटॉपवरून आईला मराठीत मेसेज टाइप केला होता आणि कीबोर्ड तसाच मराठीवर राहिला होता.

डबा परत ड्रॉवरमध्ये ठेवला. सपाता मात्र महिनाभर पिशवीतच राहू दिल्या.

*

आबा तोच एक प्रश्न का विचारतात, तेही सांगते. मी शाळेत असताना त्यांची कंपनी बंद पडली. आम्हाला कुणाला पत्ता नाही. आबा रोज सकाळी खाकी शर्ट घालून, सायकलला डबा लावून निघायचे आणि संध्याकाळी वेळेवर परत यायचे. दिवसभर सिद्धार्थ गार्डनमध्ये बाकावर बसून असायचे, हे नंतर कळलं.

आईनं कसं ओळखलं? तर डब्यावरून. कंपनीत असताना डबा धुवायला सवड नसायची, तो कायम खरकटा यायचा. आता तो धुतलेला यायला लागला, तोही अगदी स्वच्छ, कडीझाकणासकट. काही दिवस आईनं नुसतं बघितलं. मग एका संध्याकाळी डबा हातात घेऊन तिनं विचारलं, "कंपनी सुटली काय हो?"

आबा दारातच खाली बसले. पुढं कधीतरी मला म्हणाले, "उपाशी राह्यचं भ्या नव्हतं गं. घरी सांगायचं लई भ्या वाटलं."

*

आता शेवटचा.

वाळूजचं सॉफ्टवेअर सुरू करायचा दिवस टोरांटोतच ठरला होता. त्यासाठी ग्रॅहम स्वतः इथं आला, मीही आले, आदल्या रात्रीच पोचलो. मला आधीच कुणकुण लागली होती की या प्रोजेक्टनंतर आमच्या टीममधलं एक माणूस कमी होणार. कोण ते सांगायला काही ज्योतिषी नको होता. निघायच्या आधी आठवडाभर ग्रॅहम माझ्यापासून लांब लांब होता. सारखा ऑफिसबाहेर जाऊन फोनवर बोलायचा आणि मी दिसले की बोलणं थांबवायचा.

ठरलेल्या सकाळी आम्ही कारखान्यात शिरलो. सगळीकडं शांतता. मशीन धुतलेली, हळदकुंकू लावलेली, झेंडूच्या माळा. सर्व्हरच्या खोलीत एकही दिवा लुकलुकत नव्हता. सर्व्हरच्या कपाटाला आंब्याचं डहाळं, वर कुंकवाचं स्वस्तिक, समोर नारळ. कामगार हात जोडून उभे, त्यांच्यात डोक्यावर रुमाल बांधून कादरीभाई.

खंडेनवमी! टोरांटोत माझ्या भिंतीवर कालनिर्णय कुठं असणार. इथल्यांना वाटलं मॅडम इथल्याच, त्यांना माहीत असणार. मी कादरीभाईंना बाजूला घेतलं. अहो, सर्व्हर का बंद केला?

ते शांतपणे म्हणाले, "मशीन को भी साल में एक दिन आराम होना ना, मॅडम. आप तो यहाँकेच हैं."

मी ग्रॅहमला कसंबसं सांगितलं. आज नाही, उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणजे परवा. या माणसानं कधी एक तारीख हलू दिली नव्हती. त्यानं सर्व्हरकडं बघितलं आणि म्हणाला, ठीक आहे, परवा. कुणीतरी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ते त्यानं लावून घेतलं. ओरडणारा माणूस परवडला! आपला हिशेब तयार आहे, हे मी तिथंच ओळखलं.

दसऱ्याला आबांच्या हट्टामुळं तो आमच्याकडं जेवायला आला. पुरणपोळी, आमटी. आबांनी त्याच्या हातात आपट्याचं पान दिलं, शेजारी पाटावर बसले, त्याचं जेवण होईपर्यंत थांबले. मग माझ्याकडं न बघता त्यालाच विचारलं.

"साहेब, हिला ठेवलंय का हो?"

ग्रॅहम म्हणाला, काय विचारतायत सांग. आबा बसलेत समोर, खोटं काय सांगणार? सांगितलं.

त्यानं आपट्याचं पान ताटाशेजारी ठेवलं. मग म्हणाला, "सांग त्यांना, तुला ठेवलंय. मला नाही."

मी आबांना सांगितलं. मला वाटलं ते हसतील, देवाला हात जोडतील. ते ग्रॅहमकडं वळले.

"त्याला इचार," ते म्हणाले, "घरी सांगितलं का?"

मी विचारलं. ग्रॅहम उठला. त्यानं आपलं ताट उचललं, मोरीत गेला आणि खाली बसून धुवायला लागला. आमच्या घरात पाहुण्यानं कधी ताट धुतलेलं नाही. पण आईनं त्याला अडवलं नाही.