सून बाहेर गेल्यावर

माझे सासरे मेंढरं राखता राखता म्हातारे झाले. मी त्यांना मामा म्हणते. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण ते माझ्याशी थेट बोलल्याचे प्रसंग बोटांवर मोजता येतील. चहा हवा असला तरी माझ्या पोरीला सांगणार, "तुझ्या आयला म्हणावं, चहा टाक." आमच्याकडं सासरा-सुनेचं असंच असतं. मलाही त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

त्या सकाळी मामा मेंढरांच्या वाड्यात पाय घसरून पडले. नवरा उसाची गाडी घेऊन ढोकीला गेलेला, कारखान्याच्या रांगेत अडकलेला. मी माझी अंगणवाडी मदतनीस बाईवर सोपवली, शेजाऱ्यांची जीप घेतली आणि मामांना दवाखान्यात नेलं. कुठल्या, ते सांगत नाही.

तातडीच्या वॉर्डात पाय ठेवला तर पहिला प्रश्न, "बरोबर पुरुष माणूस कोण आहे?"

"मी आहे की."

"तसं नाही ताई, जबाबदार माणूस कोण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोनारीच्या पलीकडून, खड्ड्याखड्ड्यांतून, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर धरून कोण आलं होतं मग? मी खाटेच्या उशाला जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता इथून मला कुणी हलवून दाखवावंच.

वॉर्डात चार खाटा, मध्ये पडदा नाही. पडद्याचे गज मात्र होते. डॉक्टर तरुण होता, स्वभावानं वाईट नव्हता, पण भारी घाईत होता. म्हातारा दिसला की बहिराच असणार, या हिशेबानं तो ओरडला, "आजोबा, कुठं दुखतंय?"

"कुठं न्हाय," मामा म्हणाले.

"अहो, पाय टेकवत नाहीत ते," मी म्हटलं.

"ताई, त्यांना बोलू द्या ना." त्यानं घोटा दाबला, गुडघा दाबला. "इथं दुखतं? इथं?"

"न्हाय. बरं हाय."

मामांनी धोतर दोन्ही मुठींत गच्च धरलं होतं. डॉक्टरनं वर सरकवायला हात घातला, तसा त्यांनी तो हात बाजूला सारला. डॉक्टर वैतागला. कागदावर मुका मार लिहिलं, सुई दिली आणि म्हणाला, "या वयात एवढं व्हायचंच. घरी न्या."

या वयात! हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. बाळंतिणीला वेगळा वॉर्ड आहे, तान्ह्या लेकराला वेगळा आहे, आणि असायलाच पाहिजे. मग म्हाताऱ्या माणसालाच काय ते 'या वयात'? तो गप्प का, हे बसून विचारणारं एकही माणूस तिथं नसावं? मी हे सगळं बोलले, चांगलं मोठ्यानं बोलले. शेजारच्या खाटेवरचे लोक माझ्याकडं बघायला लागले आणि डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं गेला.

अकरा वाजता गेलो होतो, तीन वाजले तरी मामा उभे राहत नव्हते. "भ्यालेत ते," असं एक सिस्टर म्हणाली. मी पुन्हा भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात फरशी पुसणारी मावशी हातातला पोछा टेकवून माझ्याजवळ आली. वयानं मामांच्याच बरोबरीची असेल.

"बाई, तू जरा भायेर जा बघू."

"का? मी न्हाय जाणार."

"सासरा हाय न्हवं तुजा? मग जा म्हणते तर."

सकाळपासून जो तो मला बाजूला सारत होता आणि आता हीसुद्धा! पाय आपटत बाहेर गेले. मावशीनं डॉक्टरला खाटेजवळ बोलावलं आणि दाराआडून तिचा आवाज आला, "आजा, सून गेली भायेर. आता दावा डाक्टरला, कुठं दुखतंय ते."

मग मामांची किंकाळी ऐकू आली. अठरा वर्षांत त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. जांघेजवळची जागा, ती सुनेपुढं दाखवायची कशी आणि सांगायची तरी कशी? चार तास म्हातारा तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिला, आणि मी तिथून हलायला तयार नव्हते. माझाच मला संताप आला. डॉक्टरचा तर आलाच. एवढं शिकतात, त्यांच्या पुस्तकांत सासरा-सून नसतात का? आणि फरशी पुसणारीला जे दिसलं, ते मला घरच्या माणसाला का दिसू नये?

सोलापूरला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हर पुढं, मागं आम्ही दोघंच. बार्शी येईपर्यंत मी तीनदा विचारलं, "मामा, काय पायजे का?" तिन्हीदा "न्हाय." मग बघते तर त्यांच्या अंगाखालची चादर ओली होत चाललेली. सकाळपासून दाबून धरलं असणार. लघवीचं भांडं माझ्या पायाशी कोरडं पडलं होतं.

"मामा, मला सांगायचं न्हाय व्हय!" मी ओरडलेच. त्यांच्यापुढं आवाज चढवला तो जन्मात पहिल्यांदा.

ते छताकडं बघत राहिले. "तुला कसं सांगावं, बाय?"

मी काच वाजवून गाडी बाजूला घ्यायला लावली. पिशवीतलं कोरडं धोतर काढलं, पदर खोचला. त्यांनी पुन्हा अंगावरच्या धोतरावर मुठी आवळल्या.

"लाज तुमाला वाटतीय न्हवं? मग डोळे तुमी मिटा," मी म्हटलं. "मला बघावंच लागंल."

मग त्यांनी डोळे मिटले, आणि एकेक बोट सोडलं.