मावशीने सैल शिवलेला ड्रेस

माझ्या मावशीला मतं फार. शिवणाच्या दुकानात आलेल्या बाईला माप देण्याआधी मावशीचं मत ऐकून घ्यावंच लागतं: गळा एवढा मोठा कशाला, नवरा एवढा वाळलेला का. आई तिची धाकटी बहीण. दोघींची मशिनं समोरासमोर, म्हणजे भांडताना मान वळवायला नको.

सगळ्यात जुनं भांडण गर्भपाताचं. कुणा गिऱ्हाइकाच्या जावेचं काही कानावर आलं की झालं सुरू. "पोटातला जीव जीवच असतो," मावशी म्हणायची. "त्याने कुणाचं काय वाकडं केलंय? त्याला बोलता येत नाही, म्हणून मी बोलते." आई म्हणायची, "आणि जिच्या पोटात आहे तिला जीव नाही वाटतं? तू वाढवणार आहेस का? जिचं पोट, तिचा निर्णय." मग दोघी फुरंगटून मशिनं अशी दामटायच्या की शिवण वाकडी जायची, आणि ती कुणामुळे गेली यावरून पुन्हा जुंपायची. मी त्याच दुकानात चिंध्यांत खेळत वाढले. खरं सांगू? मला दोघींचंही पटायचं.

आणि मग माझ्यावरच वेळ आली. माझी पोरगी अजून रांगत होती, आणि मला पुन्हा दिवस गेले. तिच्या जन्मानंतर मी कित्येक महिने अंधारात असल्यासारखी काढले होते, आत्ता कुठे माणसांत आले होते. नवरा आणि मी रडून, बोलून ठरवलं: आत्ता नाही. आईची काळजी नव्हती, धास्ती मावशीची. जिने मला न्हाऊमाखू घातलं ती पुन्हा माझं तोंड बघणार नाही असं वाटायचं. म्हणून कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं.

पण ड्रेस शिवायला टाकला होता ना! आणायला गेले, घालून पाहिला, तर कमरेला हा एवढा घेर.

"मावशी, हे काय? चष्मा बदल बाई."

तिने डोळे मिचकावले. "माप घेतानाच कळलं मला. पुढे लागेल म्हणून सैल ठेवलाय. सांगणार कधी होतीस गं, लबाडे?"

एवढी खुशीत होती! मला राहवलंच नाही. "नाही लागणार पुढे," म्हटलं आणि धाय मोकलून रडायला लागले. "शुक्रवारी दवाखान्यात जातेय."

दोन्ही मशिनं थांबली. आणि आई, 'जिचं पोट तिचा निर्णय'वाली माझी आई, डोळे पुसत म्हणाली, "अगं, थोडा विचार कर ना..."

मावशी तिच्यावरच उखडली. "इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस, आणि स्वतःच्या नातवंडावर आल्यावर पलटी मारतेस?" मग माझ्याकडे न बघता तिने ड्रेस काढून घेतला. "मला हे पटलेलं नाही. चूक ती चूक." एवढं बोलून आत निघून गेली.

शुक्रवारी नवरा पोरीजवळ थांबला. आईला मीच नको म्हटलं, तिलाच सांभाळत बसावं लागलं असतं. दवाखान्याशी पोचले तर पायरीवर मावशी. एका हातात थर्मास, काखेत उशी.

"आतली बाकडी दगडासारखी आहेत," म्हणाली. "चल."

आत मी कशाला आलेय ते ऐकून शेजारी बसलेली एक बाई पुटपुटली, "हल्लीच्या मुलींना काही वाटतच नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी गर्रकन वळली. "हिला काय वाटतं ते हिला विचारलंत? हिला बोलायचं तर मी बोलेन. मावशी आहे मी. तुम्ही कोण?" बाईने मुकाट्याने बाकडं बदललं. तशा अवस्थेतही मला फिस्सकन हसू आलं.

सगळं आटोपून भाड्याच्या गाडीत बसलो. मी हळूच विचारलं, "मावशी, अजून चूकच वाटतं?"

"वाटतं. उद्याही वाटेल. आणि घरी जाऊन त्या जिवासाठी रडणारही आहे, तेव्हा समजूत काढायला येऊ नकोस."

"मग आलीस कशाला?"

"म्हणजे?" ती वैतागलीच. "तुला एकटीला पाठवू?" उशी मांडीवर ठेवून तिने माझं डोकं त्यावर दाबलं. "झोप आता. ड्रेस पिशवीत आहे. कमरेत शिवण आत घेऊन आणलाय."