बंद घरातला टब

समोरच्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. गॅलरीत एक निळा टब उघडाच राहिलाय. तो पावसाने भरलाय. ऊन आलं की त्या पाण्याचा कवडसा गॅलरीच्या छतावर हलत राहतो. सुंदर दिसतो, याचाच राग येतो.

डास होऊ नयेत म्हणून आम्ही सगळे दर रविवारी कोरडा दिवस पाळतो. फुलदाण्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, सगळं रिकामं करून पुसतो. डासांच्या अळ्यांच्या तपासणीला आलेल्या पालिकेच्या बाई त्या बंद घराच्या दारावर खडूने 'घर बंद' लिहून गेल्या. त्या घराच्या शेजाऱ्यांनी टब उलटवायला आपल्या गॅलरीतून जळमटं काढायचा बांबू पुढे करून पाहिला, तो पोचला नाही. मालकांना फोन केला, तर म्हणाले, "दिवाळीला येतोच आहोत, तेव्हा बघू."

आपला उंबरठा आपण कितीही जपावा. डासाला कुठला उंबरठा माहीत असतो?

आमच्या खालच्या मजल्यावरची छोटी सई डेंग्यूने दवाखान्यात आहे. काल जिन्यात तिची आई भेटली. "मी घरात पाण्याचा थेंब साचू देत नाही हो," ती म्हणाली, जणू कुणी तिलाच बोल लावला होता.

आज सकाळी एक कावळा टबाच्या काठावर येऊन बसला.

"पाड रे बाबा तो टब," मी खिडकीतून पुटपुटले.

त्याने चोच बुडवली, मान वर करून पाणी प्यायला आणि उडून गेला. छतावरचा कवडसा जरा थरथरला आणि पुन्हा पहिल्यासारखा हलत राहिला.