मावशींचा भाता

खडकीतल्या आमच्या वसाहतीत जन्माला येणं, लग्न करणं आणि मरणं या तीन गोष्टी समोरच्या मावशींना विचारल्याशिवाय कुणी करत नाही. निदान मावशींचा तसा समज आहे, आणि तो खोटा ठरवायची हिंमत आजवर कुणाला झालेली नाही. बाळाचं नाव त्यांना आवडलं नाही तर बाप्तिस्म्याच्या आत ते बदललं जातं. नवरामुलगा पसंत नसला तर त्या तसं बोलत नाहीत. "त्या दिवशी मला वाजवायला जमणार नाही," एवढंच म्हणतात. आणि मावशींनी वाजवल्याशिवाय लागलेलं लग्न टिकतं, यावर आमच्या इथे कुणाचाच विश्वास नाही. शाळेत गाणं शिकवायला लागल्या त्याच सुमारास त्या चर्चमधल्या पायपेटीवर बसल्या. पायांनी भाता मारायची, कपाटाएवढी जुनी पेटी. पुढे शाळेतून निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलं दूर गेली. पेटीवरून मात्र त्या उठल्या नाहीत.

मी मूळचा इथला नव्हे. नोकरीच्या सोयीसाठी खडकीत बिऱ्हाड केलं. टेम्पोतून सामान उतरत असताना मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या. "कुठले आपण?" "नारायण पेठ," मी अशा थाटात म्हणालो की जसं काही पेशव्यांनी मला स्वतः निरोप देऊन पाठवलंय. त्या दिवसापासून मी 'नारायणपेठी' झालो. ते लुगड्याचं नाव आहे असं मी नम्रपणे सुचवून पाहिलं. "म्हणूनच लक्षात राहतं," मावशी म्हणाल्या. पहिल्या नाताळात शेजारधर्म म्हणून, आणि थोडं आपल्या गळ्याबद्दलच्या गैरसमजातून, मी त्यांच्या गायनाच्या तालमीला जाऊन उभा राहिलो. दोन ओळी झाल्या आणि पेटी थांबली. "आवाज छान आहे हो तुमचा," मावशी म्हणाल्या. मी लाजून खाली पाहिलं. "बोलण्यासाठी." त्यानंतर बरीच वर्षं मी नाताळात फक्त करंज्या खाण्यापुरता सहभाग घेतला.

मग मावशींचे गुडघे गेले. डॉक्टरांनी पेटीचा भाता मारायला साफ मनाई केली. चर्चच्या तरुण मंडळींनी आनंदाने, म्हणजे दुःखाने, एक इलेक्ट्रिक कीबोर्ड आणला. मावशींनी त्याची एक पट्टी दाबली, ऐकली आणि हात पदराला पुसला. "याला श्वास नाही. श्वास न घेणाऱ्याकडून मी देवाची स्तुती करून घेणार नाही." पाळकसाहेबांनी विनवून पाहिलं, पण बाई ऐकेनात. त्याच संध्याकाळी मी सायकलवरून घरी येत होतो. मावशी गॅलरीत बसल्या होत्या. त्यांनी मला वरून खालपर्यंत, विशेषतः खालीच, न्याहाळलं. "नारायणपेठी, पोटऱ्या चांगल्या आहेत तुमच्या. रविवारी लवकर या."

अशा रीतीने माझी संगीतसेवा सुरू झाली. बोटं मावशींची आणि पाय माझे. त्यांच्या डावीकडे तिरप्या स्टुलावर बसून मी पेटीखाली पाय घालायचे आणि आळीपाळीने दाबत राहायचं. घरी मी ही बातमी "चर्चमध्ये वाजवतो" अशी सांगितली. "तुम्ही वाजवत नाही, तुम्ही हवा भरता," आमची ही म्हणाली. तिचं माहेर सदाशिव पेठेतलं आहे. पण हवा भरणंही सोपं नाही. मी रंगात आलो की पेटी किंचाळायची आणि मावशी ओठ न हलवता म्हणायच्या, "सावकाश, चढ नाहीये." एका लग्नात नवरीचा शालू पाहण्यात माझे पाय थांबले, पेटीने उसासा टाकला आणि नवरी मधल्या वाटेतच उभी राहिली. "पोरी, चालत राहा," मावशी मोठ्याने म्हणाल्या, "आमचे नारायणपेठी भारावून गेलेत."

पण एकदा त्यांनी मला मुद्दाम थांबवलं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक वृद्ध बाई वारल्या होत्या. त्यांचे दोन मुलगे, दोघंही मावशींचे विद्यार्थी, घराच्या वाटणीवरून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आईच्या अंत्यविधीलाही एक या टोकाच्या बाकावर, दुसरा त्या. शेवटचं गीत सुरू व्हायचं होतं. "पाय थांबवा," मावशी कुजबुजल्या. माझंच काही चुकलं असणार असं समजून मी घामाघूम झालो. मावशी स्टुलावरून मागे वळल्या. "दोघं एका बाकावर बसा. मग वाजवते."

पाळकसाहेब पुस्तकात पाहू लागले. थोरला म्हणाला, "मावशी, आज नको."

"आजच. उद्या मी हिला तोंड कसं दाखवू?"

त्यांचा हात शवपेटीकडे होता. मग धाकटा उठला, मधली वाट ओलांडून भावाशेजारी जाऊन बसला. थोरल्याने सरकून जागा दिली. बोलले नाहीत, पण गीताचं पुस्तक एकच होतं, ते दोघांनी धरलं. "चला," मावशी म्हणाल्या, आणि मी भाता मारू लागलो. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, पण पायांना दिसायची गरज नसते, हे बरं.

अलीकडे मावशींना कमी ऐकू येऊ लागलं. एका रविवारी मंडळींचं गाणं संपलं तरी त्या वाजवतच राहिल्या. मी काय करावं ते न सुचून हवा देत राहिलो. मागून कुणीतरी पहिलं कडवं पुन्हा धरलं आणि सगळे गायले, जणू असंच ठरलं होतं. परत येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "आज एक कडवं जास्त झालं का?"

"नाही," मी म्हणालो.

"एरवी एका प्रश्नाला तुम्ही तीन वाक्यं बोलता," मावशी म्हणाल्या आणि बाहेर बघत राहिल्या.

पुढच्या रविवारी त्या पेटीकडे गेल्याच नाहीत. पहिल्या बाकावर बसल्या, आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला हाक मारली आणि कीबोर्डकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वाजव." मीही मग शेजारी जाऊन बसलो. सवयीने लवकर आलो होतो, परत कुठे जाणार?

आता त्या गातात, पण इतरांच्या बऱ्याच मागे राहून. परवा सगळी मंडळी शेवटच्या ओळीच्या टोकाला पोचली तेव्हा मावशी तिच्या पहिल्या शब्दावर होत्या. कीबोर्डवरच्या बाईंनी शेवटचा सूर तसाच धरून ठेवला. कुणी पुस्तक मिटलं नाही, कुणी खाली बसलं नाही. मावशी डोळे मिटून, आपल्या चालीने, एकेक शब्द उचलत आल्या, ओळ पुरी केली आणि "आमेन" म्हणाल्या. मग आम्ही सगळे म्हणालो.