तीन इंचांचा तुकडा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सगळं सांगतो, डॉक्टरांनी बंद केलेली भजी कुठे खाल्ली तेसुद्धा. पण हे नाही. सात वर्षं झाली. आता तुम्हाला का सांगतोय? — मलाही नीट कळत नाही. ऐका.

मी गॅसच्या पाइपलाइनच्या कामावर सुपरवायझर आहे. घरोघरी शेगडीला, गिझरला पाइप येतो ना, ते काम. मला ते शिकवलं येरवड्याच्या इस्माईलचाचांनी. नियम असा, की गिझरच्या आधी पाइपाचा तीन इंचांचा तुकडा खाली सोडायचा, टोकाला टोपण लावून. ड्रिप लेग म्हणतात त्याला. पाइपातला गंज, आटे पाडताना राहिलेला लोखंडाचा कीस त्यात पडतो, गिझरच्या व्हॉल्व्हपर्यंत जात नाही. कितीतरी फिटर तो सरळ टाळतात. चाचा? अहो, त्या माणसाने जन्मात एक टाळला नाही! काम झालं की टोपण उघडायचे, कचरा तळहातावर आपटून घ्यायचे आणि घरमालकिणीला दाखवायचे, "हे बघा ताई, हे तुमच्या गिझरच्या पोटात जाणार होतं." मला तेव्हा हसू यायचं.

खराडीत सहाव्या मजल्यावर सुलभाताईंचा नवा फ्लॅट होता. निवृत्त शिक्षिका. राहायला आल्या नव्हत्या, किल्ली माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. चाचांनी सकाळी जोडणी केली, तपासली, कागदावर सही केली आणि शुक्रवार म्हणून नमाजाला गेले. तेवढ्यात वॉशिंग मशीन आलं. ड्राय बाल्कनीत गिझरखाली ठेवलं तर झाकण उघडेना — वर नेमका चाचांचा तुकडा आडवा येत होता. मशीनवाले कुरकुरायला लागले, ताईंचे फोनवर फोन. मशीन चार बोटं सरकवायला जागा नव्हती — नाही, होती. कपाट हलवावं लागलं असतं. कंटाळा केला मी. पाना घेतला, तुकडा काढला, तिथे साधा एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा काटकोनी जोड, बसवला, साबणाचं पाणी लावून गळती बघितली. वीस मिनिटांचं काम. तुकडा माझ्या पिशवीत टाकला. चाचांना सांगितलं नाही, ओरडले असते.

पाच महिन्यांनी व्हॉल्व्हमध्ये कीस अडकला. नळ बंद केला तरी गॅस येतच राहिला, आणि ताईंनी पुन्हा गरम पाणी सोडलं तसा भडका उडाला. गाल भाजला, उजवा हात भाजला. तो हात अजून नीट मिटत नाही.

ऑफिसात चौकशी झाली. कागदावर 'ड्रिप लेग बसवला' आणि खाली चाचांची सही. भिंतीवर मात्र नुसता एल्बो. चाचांनी माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही हो — संशयाने बघितलं असतं तर बरं झालं असतं! म्हणाले, "विनायक, मी लावला होता ना रे?"

आणि मी — मी म्हणालो, "चाचा, त्या आठवड्यात बारा फ्लॅट होते. आता वय झालंय तुमचं. राहून गेलं असेल."

गप्प बसलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण मी बोललो. चाचा थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "असेल बाबा. तू म्हणतोस तर असेल."

कोणी काढायच्या आधीच त्यांनी काम सोडलं. सुलभाताईंची माफी मागायला जायचं म्हणाले. कोणाच्या गाडीवर गेले असतील? माझ्याच. दारात हात जोडून उभे राहिले, आणि मी मागे त्यांची टोपी धरून उभा. तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं. पुढे चाची सांगायच्या, जेवता जेवता उठतात, गॅसचं बटण बंद आहे का बघून येतात. परत बसतात, परत उठतात. स्वतःच्या हातावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि तो मी उडवला होता.

गेल्या वर्षी चाचा गेले. मी भेटायला गेलो. चाचींनी चहा दिला, चाचांची हत्यारांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्हीच ठेवा, तुमच्यावर फार जीव होता त्यांचा." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "शेवटी शेवटी फार विसरायला लागले होते, नाही?"

मी कप बशीत ठेवला आणि म्हणालो, "हो ना."

ते काही विसरले नव्हते. तुकडा त्यांनी बसवला होता, आटे घट्ट होते, टोपण जागेवर होतं. अजून माझ्या खणात आहे तो.